मुंगीनिरोपाची परीक्षा

ती. आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याने संप पुकारला आहे, त्यामुळे आठांपैकी एक अंग या नमस्काराला गैरहजर आहे. बाकीची सात मनापासून आली आहेत.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस, की अजून शेजारणींकडून करून घेतेस? रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीस ना? आमच्याकडे सगळं ठीक. तुझे जावई मजेत आहेत. त्यांना वजन सोडून कसलीच चिंता नाही, आणि वजनाचीही ते करत नाहीत, मी करते. आतोबांची प्रकृती उत्तम आहे. त्यांच्याबद्दल तुला इकडून तिकडून काहीबाही कळलं असेल. ते सगळं खरं आहे, फक्त त्याचा क्रम चुकलेला आहे. तो नीट लागावा म्हणून हे पत्र.

जन्मभर शाळा तपासलेला माणूस निवृत्त झाला की घरात तपासण्यासारखं फार थोडं उरतं. भांडी झाली, विजेचं बिल झालं, तू झालीस. मग पाळी तुझ्या ओट्यावरच्या मुंग्यांवर आली, इथपर्यंतची हकिगत तू मला फोनवर सांगितलीच होतीस. कडू पाला, कुठल्याशा झाडाच्या फेसाळ शेंगा आणि थोडं सुवासिक तेल एकत्र उकळून आतोबांनी ते 'मुंगीनिरोप' तयार केलं आणि मुंग्या खरोखरच निरोप घेऊन गेल्या, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. पण माणसाचं डोकं तिथे थांबत नाही. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, चिठ्ठीवर 'संपूर्ण निर्विष' असं छापायचं, आणि त्याखाली भाचीच्या प्रयोगशाळेचा शिक्का मारून घ्यायचा असं त्यांनी मनाशी ठरवलं. तुला ते 'दोन दिवसांत येतो' म्हणून निघाले. मला तर तेवढंही कळवलं नव्हतं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण तू अजूनही सगळ्यांना सांगतेस की भाची विषाच्या कारखान्यात आहे. आत्या, आमच्याकडे विष तयार होत नाही. लोक आपापली रसायनं घेऊन येतात, आणि ती माणसाला, माशाला, कातडीला, डोळ्याला किती प्रमाणात बाधतात ते आम्ही शोधतो. 'किती प्रमाणात' हे त्यातलं मुख्य. विषारी आणि निर्विष अशा दोन जाती नसतातच. अति सर्वत्र वर्जयेत् हे तू मला पानात तिसऱ्यांदा साखर मागितल्यावर ऐकवायचीस, तेच आम्ही काचेच्या नळ्या लावून सिद्ध करतो आणि त्याचा पगार घेतो. या कामात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. (हे मी सांगत नाही, मोठे साहेब सांगतात. म्हणजे एकदा सांगितलं होतं.)

तर आतोबा स्टेशनवरून घरी न येता थेट प्रयोगशाळेत आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन. दारावरच्या माणसाने कोणाकडे जायचं म्हणून विचारलं तर त्याला आधी गणवेशाचं वरचं बटण लावायला सांगितलं. मी खाली पोचेपर्यंत ते मोठ्या साहेबांच्या खोलीत पोचले होते. आमचे मोठे साहेब कोणासाठी खुर्चीतून उठत नाहीत, अशी त्यांची ख्याती. पण आतोबांनी दारात उभं राहून घसा साफ केला मात्र, साहेब ताडकन उठून उभे राहिले. लहानपणी कधीतरी तपासनीस वर्गात आला असणार. ती भीती हाडांत मुरते, ती कुठल्याच चाचणीत सापडत नाही. आतोबांनी त्यांना 'बसा' म्हटलं, भिंतीवरचं घड्याळ मागे पडल्याचं सांगितलं, आणि मग कॅनचं झाकण उघडून, पिशवीतून चमचा काढून, साहेबांच्या देखत एक चमचा मुंगीनिरोप प्यायले.

मी दारात उभी होते. (माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते साहेबांनी नंतर सांगितलं, ते लिहीत नाही.) आतोबांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "हा घ्या पुरावा. आता शिक्का आणा."

आता मला सांग, अशा माणसाला कसं समजवायचं? मी समजावलं. आधी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं, मग कॅन्टीनमध्ये बसवून शांतपणे सांगितलं, की एका माणसाने एकदा एक चमचा प्यायल्याने फक्त एवढंच सिद्ध होतं, की तो माणूस त्या दिवशी त्या चमच्याने मेला नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर काय, हे त्यावरून कळत नाही. आणि हे घेणाऱ्यांच्या घरांत तान्ही मुलंही असतील, आजारी माणसंही असतील. त्या सगळ्यांच्या वतीने तुमच्या पोटाने बोलायचं कारण नाही. तुमचं पोट तर आमच्या लग्नातलं जेवण दोनदा जेवून पचवणारं. ते म्हणाले, यातलं सगळं निसर्गातलं आहे. मी म्हटलं, साप तरी कुठे कारखान्यात होतो? त्यावर त्यांनी चहा ढवळायला घेतला, आणि मला वाटलं की मी जिंकले. मग ते म्हणाले की ठीक आहे, महिनाभर रोज एक चमचा पिऊन दाखवतो. शेवटी मीच कॅन उचलला आणि रीतसर तपासायला घेतो असं कबूल केलं. (दुसरा कॅन पिशवीत होता हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्याबद्दल पुढे.)

नातलगाची वस्तू नातलगाने तपासायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि नियमाच्या बाबतीत मी किती कडक आहे ते तू जाणतेस. म्हणून बाटलीवर नाव न घालता नुसती खूण घातली आणि काम पिसूताईकडे गेलं. पिसूताई म्हणजे माझी सहकारी. ती पाण्यातल्या पिसवा सांभाळते. या पिसवा चावत नाहीत. टाचणीच्या डोक्याएवढे पारदर्शक जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारत असतात. पाण्यात काही वावगं मिसळलं की सगळ्यांत आधी त्यांना कळतं, घरातल्या सुनेसारखं. वेगवेगळ्या पेल्यांत पाणी घ्यायचं, प्रत्येकात मुंगीनिरोपाचं प्रमाण कमी-जास्त ठेवायचं, एका पेल्यात काहीच घालायचं नाही, आणि दोन दिवसांनी कुठल्या पेल्यातल्या पिसवा हलेनाशा झाल्या ते बघायचं. तो काहीच न घातलेला पेला सगळ्यांत महत्त्वाचा. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचा न्याय करायचा. आतोबांना हे फार पटलं. वर्गात एक मुलगा असा हवाच, म्हणाले, ज्याला कोणी काही शिकवलेलं नाही. त्याशिवाय मास्तर शिकवतो की नाही ते कळत नाही.

दोन दिवसांनी पेले पाहिले तर सगळ्या पिसवा तळाशी. मुंगीनिरोप घातलेल्या पेल्यांतल्या मेल्या होत्या, आणि काहीच न घातलेल्या पेल्यातल्याही मेल्या होत्या. पिसूताई खुर्चीत बसूनच राहिली. आतोबांनी एकेक पेला उजेडात धरून पाहिला आणि निकाल दिला, की तुमच्या स्वच्छ पाण्यानेही मरतात आणि माझ्या औषधानेही मरतात, म्हणजे माझं औषध तुमच्या पाण्याइतकंच निर्विष आहे. तेव्हा शिक्का द्या, नाहीतर पाणी बंद करा. आत्या, मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण असा युक्तिवाद कधी ऐकला नव्हता. त्यांनी तो कॅन्टीनमध्ये सांगितला, दारावरच्या माणसाला सांगितला, लिफ्टमध्ये साहेबांना सांगितला. साहेबांनी मला बोलावून विचारलं की आपण गेल्या आठवड्यात ज्या लोकांना अहवाल दिले, त्यांच्या चाचण्यांना पाणी कुठलं होतं. हा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा प्रश्न नव्हता. पाणीच जर विषारी असेल तर आमचा एकही निकाल खरा नाही, आणि आमच्या निकालावर विसंबून लोक गोष्टी विकतात, खातात, अंगाला लावतात.

मी मुळीच डगमगले नाही. आधी पिसूताईच्या अत्तराचा संशय घेतला (ती माझ्याशी एक दिवस बोलली नाही), मग फरशी पुसणाऱ्या बाईच्या साबणाचा, मग साहेबांच्या टेबलावरच्या फुलझाडावर मारतात त्या फवाऱ्याचा. सगळे निर्दोष निघाले. शेवटी पाण्याचा माग काढत टाकीपर्यंत गेले, तर टाकीतून पाणी आणणारी जुनी प्लॅस्टिकची नळी काढून तिथे नवीकोरी तांब्याची नळी बसवलेली. तुला मला तांब्याने काही होत नाही, पण पिसवांना तांब्याचा अंशही सोसत नाही. पाण्यात उतरलेल्या तेवढ्याशा तांब्याने त्यांचा कारभार आटोपला होता. नळी पेले मांडायच्या आदल्याच दिवशी बसवली होती, त्यामुळे मागचे अहवाल बचावले आणि साहेबांच्या तोंडावर रंग परत आला. (ती नळी टिकाऊ म्हणून बसवून घ्यावी अशी शिफारस कोणी केली होती, हा प्रश्न इथे गौण आहे.) आतोबांना मी टाकीपाशी नेऊन सगळं दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे काहीच न घातलेल्या पेल्यानेच तुमची चूक पकडली. मी म्हटलं, त्याचसाठी तो असतो. त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. माझ्या मते त्यांच्यात जो काही बदल झाला त्याची सुरुवात त्या टाकीपाशी झाली.

नळी बदलली, ताज्या पिसवा घेतल्या, सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी साध्या पाण्यातल्या पिसवा दोन्ही दिवस उड्या मारत होत्या. मुंगीनिरोपाच्या पेल्यांत, अगदी पातळ केलेला सोडला तर, सामसूम. माशांच्या अंड्यांवर पाहिलं, तीही गेली. त्या फेसाळ शेंगांचाच तो प्रताप. पोटात फारसं करत नाहीत, पण माशाच्या कल्ल्याला आणि नाजूक पापुद्र्याला सोलून काढतात. माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून आम्ही पापुद्रे तयार करतो (हल्ली सशाच्या डोळ्यात थेंब टाकायची गरज पडत नाही, यावर माझा एक लेख आहे, तुला पाठवला होता, तू त्यावर गरम पातेलं ठेवल्याचं जावयांनी पाहिलं). कातडीच्या पापुद्र्याला काही झालं नाही. पण डोळ्याच्या बाहुलीवरच्या पडद्यासारखा जो पापुद्रा असतो, त्याच्या पेशी बहुतेक सगळ्या मेल्या. अहवालात लिहिलं होतं: डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, आणि पाण्यात सोडू नये.

हा अहवाल मी स्वतः घरी आतोबांच्या हातात दिला. मनाची तयारी केली होती. ते चिडतील, शब्दाला शब्द लागेल, मी पिसवांची बाजू घेतली असं तुला सांगतील, सगळं धरून चालले होते. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं, डोळ्याच्या ओळीवर बोट ठेवलं, तिथून ते हललं नाही. मग उठले, कोट घातला, टोपी घातली आणि जिना उतरले. मला वाटलं, रागावून स्टेशनवर निघाले. मी चपला उलट्या-सुलट्या घालून मागे धावले, गुडघ्यासकट. ते स्टेशनच्या रस्त्याला वळलेच नाहीत. आमच्या घरासमोरच्या बालवाडीत शिरले.

दुसऱ्या कॅनचं मला तेव्हा कळलं. येऊन दोनच दिवस झाले असताना त्यांनी तो बालवाडीच्या बाईंना भेट म्हणून दिला होता. मुलांच्या डब्यांना मुंग्या लागतात असं बाई कुंपणापाशी बोलल्या होत्या, एवढंच निमित्त. डब्यांची फळी कुठे असते? मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. म्हणजे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मी आत पोचले तेव्हा आतोबा एका वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसले होते, गुडघे हनुवटीशी, टोपी हातात. बाई समोर उभ्या होत्या. ज्या माणसाला पाहून शाळेच्या शाळा उभ्या राहायच्या, तो त्या बाईंना म्हणाला, "बाई, तो कॅन मला परत द्या. मी ते पिऊन पाहिलं होतं, डोळ्यात घालून पाहिलं नव्हतं."

बाई म्हणाल्या की सकाळीच त्याने फळी पुसली होती, आणि त्यानंतर एक मुलगी डोळा चोळत आली होती. धूळ गेली असेल म्हणून त्यांनी तिचा डोळा नळाखाली धरून पुष्कळ वेळ धुतला. मुलगी कुठे आहे, असं आतोबांनी विचारलं. ती कोपऱ्यात ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. मी तिला खिडकीशी नेऊन डोळा पाहिला. थोडा लाल, बाकी स्वच्छ. उघडत होती, मिटत होती, माझ्याकडे संशयाने बघत होती. त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की वेळेवर धुतला म्हणून वाचला. पण त्या क्षणी आतोबांना ते ठाऊक नव्हतं. ते तिच्यासमोर खाली बसले आणि तुला दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही. तुम्ही का रडताय?" आतोबा म्हणाले की डोळ्यात काहीतरी गेलंय. तिने त्यांना नळ दाखवला.

मग त्यांनी कोटाच्या बाह्या वर करून ती फळी स्वतः धुतली, एकदा, पुन्हा, आणि पुन्हा. मी मदतीला पुढे झाले तर मला घागर भरून आणायला लावलं. घरी परत येताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की पिसवा जगतील इतकं ते पातळ केलं तर चालेल का. मला तो प्रश्न आवडला. दुसऱ्या दिवशी आम्ही तेवढं पातळ करून अंगणातल्या मुंग्यांच्या वाटेवर फवारलं. मुंग्या त्यातून चालत गेल्या. एकदोघी पाणी प्यायला थांबल्यासारख्या वाटल्या. आतोबा बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. कोणालाच काही करत नाही, ते मुंग्यांना तरी कशाला काही करेल, असं स्वतःशीच म्हणाले आणि उरलेला कॅन आमच्या प्रयोगशाळेच्या विल्हेवाटीच्या पिंपात नेऊन टाकला. चिठ्ठ्या छापायला दिलेल्या छापखान्यालाही नको म्हणून कळवलं.

तेव्हा आत्या, एकूण सगळं माझ्या अंदाजाप्रमाणेच पार पडलं. मुलीचा डोळा बरा आहे, प्रयोगशाळेची अब्रू शाबूत आहे, पिसूताई माझ्याशी बोलते, आणि आतोबांना शास्त्राची गोडी लागली याचं श्रेय मी नम्रपणे स्वतःकडे घेते. तुझ्या ओट्यावरच्या मुंग्यांसाठी फडकं ओलं करून पुसत जा आणि साखरेचा डबा घट्ट लाव. शेजारणींना माझा नमस्कार सांग, आणि कंबरेला जप.

तुझी, सात अंगांनी नम्र,
भाची

ता. क. फोनच करणार होते, पण फोन आतोबांच्या खुर्चीशेजारी असतो, म्हणून लिहिते. आत्या, त्यांना घरी बोलावून घे. गोडी लागली म्हटलं ते कमीच झालं. पिसूताईने त्यांना हौसेने मूठभर पिसवा दिल्या, त्यांचं आता माझ्या स्वयंपाकघरात बरण्यांमध्ये गाव वसलं आहे. घरातली प्रत्येक वस्तू तपासली जाते. टूथपेस्ट नापास झाली. भांड्यांचा साबण नापास झाला. माझं तोंडाला लावायचं क्रीम इतकं नापास झालं की त्यांनी ते चिमट्याने धरून बाहेर ठेवलं. साबण डोळ्याला आणि माशाला सोसत नसला तरी हातपाय धुवायला चालतो, प्रमाण बघा, हे मी त्यांना सांगते; तेच मला म्हणतात, पुरावा आणा. तुझे जावई त्यांच्या बाजूला गेले आहेत, कारण व्यायामानंतर येणाऱ्या घामाची चाचणी होईपर्यंत व्यायाम बंद आहे.

ता. क. दुसरा. काल माझा चहा तपासला. निम्मा पातळ करूनही पिसवा मेल्या. ते आता गरम पाणी पितात आणि मी चहा प्यायला लागले की घड्याळ बघत समोर बसतात. तुला जरा बरं नाही असं कळव. फार नको, सोसेल इतपतच बरं नाही असं कळव.

ता. क. तिसरा. (हे आतोबांच्या हातचं.) पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं, म्हणून वाचलं. शुद्धलेखन बरं आहे, नम्रता कच्ची. चहाचा निकाल खरा आहे, परंतु काहीच न घातलेला पेला ठेवायचा राहिला होता, त्यामुळे तो मी रद्द केला आहे. आज सकाळी हिच्या हातचा चहा घेतला. रविवारी निघतो. एक काम कर. कपाटात साड्यांच्या मागे तू ती केसांना लावायची काळी बाटली ठेवतेस, ती आता मागे ठेवू नकोस. केस जात्याच काळे आहेत असं तू सांगतेस आणि मीही सगळ्यांना तेच सांगत आलो, पुढेही सांगेन. पण अशा रंगांनी एखाद्याच्या कातडीला फार त्रास होतो असं इथे वाचलं. मी येईपर्यंत लावू नकोस. आलो की कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस बघू. दुसऱ्या हाताला काही लावायचं नाही, तो ताडून पाहायला. दुसरा हात माझाही चालेल.